तुझ्याकडे नंबर लागत नाही

प्रिय कॅज्युअल्टी,

बेंगळुरूत तुझ्या पाटीवर हल्ली कन्नडमध्ये 'तुर्तु चिकित्सा विभाग' आणि त्याखाली 'इमर्जन्सी' असं लिहिलेलं असतं. तरी रिक्षात बसल्यावर आमच्या तोंडून 'कॅज्युअल्टी'च निघतं आणि रिक्षावालाही बरोबर तुझ्याच दारापाशी आणून सोडतो. म्हणून त्याच नावानं लिहिते आहे. पत्र उघड्यावर लिहिण्याचं कारण एवढंच, की यातलं निम्मं तुला सांगायचं आहे आणि निम्मं तुझ्या दारात पहिल्यांदाच येणाऱ्यांना. या शहरात मराठी घरं पुष्कळ आहेत. मुलगा-सून कामावर आणि सांगली, सातारा, बेळगावकडून काही दिवस राहायला आलेले आईवडील घरात. त्यांच्यातल्या कुणाला रात्री-अपरात्री काही झालं, की पहिला प्रश्न पडतो तो कुठं न्यायचं हा.

बेंगळुरूत याचं उत्तर सोपं नाही. इथली मोठी सरकारी रुग्णालयं अवयवांप्रमाणे वाटलेली आहेत. हृदयासाठी जयदेव, मेंदूसाठी होसूर रस्त्यावरचं निमहान्स, हाडांसाठी संजय गांधी, डोळ्यांसाठी मिंटो, लहान मुलांसाठी इंदिरा गांधी, बाळंतपणासाठी वाणी विलास. आपापल्या कामात ती नावाजलेली आहेत, राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथं येतात. पण तिथं जायचं तर काय बिघडलंय ते आधी कळायला हवं. बाथरूममध्ये कोसळलेल्या वडिलांचं हृदय दगा देतंय, मेंदूत रक्त साकळलंय, की नुसती साखर उतरलीय, हे पोरानं रात्री दोन वाजता कसं ओळखायचं? आणि ओळखण्यात चूक झाली, तर सिल्क बोर्डाच्या चौकातून उलट फिरून दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून मला तुझं मोल वाटतं. के. आर. मार्केटजवळच्या व्हिक्टोरियातली तू असशील, शिवाजीनगरच्या बोअरिंगमधली, मल्लेश्वरमच्या के. सी. जनरलमधली, कोरमंगलाच्या सेंट जॉन्समधली, किंवा आमच्या घराजवळच्या एखाद्या खासगी रुग्णालयातली. ओपीडीच्या खिडकीवर आधी विचारतात, कुठल्या डॉक्टरांना दाखवायचंय. तू विचारत नाहीस. आजाराचं नाव ठाऊक नसताना ज्याच्यापाशी जाता येतं, असं रुग्णालयात तुझं एकच दार आहे.

आत आल्यावर काय होतं, ते सांगते. उतारावर गाडी थांबली की सुरक्षारक्षक पुढं होतो, मग व्हीलचेअर येते, नाहीतर स्ट्रेचर. वॉर्डबॉय पेशंटला आत नेतो आणि घरच्यांपैकी बहुधा एकालाच सोबत सोडतात. इथं नातेवाइकाला 'अटेंडर' म्हणतात, त्या नावानं हाक आली की ती आपल्यालाच आहे हे ध्यानात ठेवावं. पहिल्या टेबलाशी ट्रायाजची सिस्टर असते. बोटाला ऑक्सिमीटरची चिमटी, दंडाला बीपीचा पट्टा, दुसऱ्या बोटाला सुई टोचून साखर. हे चालू असतानाच तिचे प्रश्न सुरू होतात. कधीपासून होतंय? अचानक झालं की हळूहळू वाढलं? कुठल्या गोळ्या चालू आहेत? कशाची ॲलर्जी? बघणाऱ्याला वाटतं ही नुसता फॉर्म भरतेय. पण तेवढ्यात तिनं पेशंटचा श्वास मोजलेला असतो, ओठांचा रंग पाहिलेला असतो, बोलताना एका दमात वाक्य पुरं होतंय का तेही ऐकलेलं असतं. दोन-चार मिनिटांत रंग ठरतो. लाल, पिवळा किंवा हिरवा. कुठं मनगटाला त्या रंगाचा पट्टा बांधतात, कुठं कागदावर खूण करतात. लाल थेट आत जातो. पिवळ्यानं थोडं थांबायचं, हिरव्यानं बरंच.

आमचा सगळा बेबनाव इथं सुरू होतो. आमचं आयुष्य नंबर लावण्यात गेलेलं आहे. रेशनला, रेल्वेच्या तिकिटाला, गॅसला, बँकेत, जो आधी आला त्याचं काम आधी, आणि मधे घुसेल त्याला हटकायचं. न्याय म्हणजे काय, हे आम्ही रांगेत उभं राहून शिकलो. आणि तुझ्याकडे तर नंबर लागतच नाही! आम्ही तासभर बसलेले असतो आणि आत्ता आलेल्या माणसाला तू धावत आत नेतेस. बसलेल्याच्या मनात लगेच येतं, ह्याची ओळख असणार, ह्यानं पैसे भरले असणार.

खरं म्हणजे ओळखीपाळखीला बाहेर ठेवण्यासाठीच ही पद्धत जन्माला आली. नेपोलियनच्या सैन्यात डॉमिनिक जाँ लारे नावाचा शल्यविशारद होता. जखमी माणूस सरदार आहे की साधा शिपाई, हे न बघता ज्याची जखम जास्त गंभीर त्याला आधी हात लावायचा, असा त्याचा दंडक होता. दोनशे वर्षांनंतरही तू तेच करते आहेस. वशिल्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशा आमच्या समाजात तुझा हा नियम मला फार मोठा वाटतो. एखाद्या नगरसेवकाचा फोन आला म्हणून हिरवा पट्टा लाल होता कामा नये, आणि तो होऊ न देणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी आम्ही उभं राहायला हवं.

पण तू हे आम्हाला सांगत का नाहीस?

माझ्या थोरल्या दिरांना इथं एका खासगी रुग्णालयात तुझ्याकडे आणलं होतं. पोटात वरच्या बाजूला दुखत होतं, बोलत-चालत होते. पिवळा पट्टा मिळाला आणि आम्हाला बाकावर बसवलं. त्यानंतर बराच वेळ आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. आमच्यानंतर आलेले दोघं आत गेले. जाऊबाई एकदा काउंटरवर जाऊन आल्या, दुसऱ्यांदा गेल्या, "वेट माडी", म्हणजे थांबा, एवढंच उत्तर मिळालं. शेजारी एका मुलीचा बाप असाच बसला होता, तिचा आवाज चढला, रक्षक पुढं झाला आणि सगळ्या हॉलमध्ये तणाव पसरला. त्या मुलीला कुणी एक वाक्य सांगितलं असतं, की आत एकाचं हृदय बंद पडलंय आणि दोन्ही डॉक्टर त्याच्यापाशी आहेत, तर तिचा आवाज चढला नसता याची मला खात्री आहे.

पुढं जे झालं तेही तुझंच आहे, म्हणून सांगायला हवं. एक सिस्टर बाकांवरून फेरी मारायला आली. दिरांचा हात हातात घेतला, तळवा गार आणि ओला लागला. नाडी पाहिली, ती मघापेक्षा वेगानं चालली होती. तिनं विचारलं, गुडघ्यासाठी, कमरेसाठी काही गोळ्या घेता का? दिरांच्या सदऱ्याच्या खिशातच वेदनाशामक गोळ्यांची अर्धी पट्टी होती, ते मनानंच रोज घेत होते. ती पट्टी तिनं हातात घेतली आणि मागं वळून स्ट्रेचरवाल्याला हाक मारली. पाच मिनिटांत पट्टा लाल झाला, दोन्ही हातांना सलाईनच्या सुया लागल्या, रक्तगटासाठी नळी गेली. जठरातला व्रण फुटून आत रक्त वाहत होतं. दीर वाचले ते त्या फेरीमुळे. पहिल्या टेबलावर दिलेला रंग हा त्या घटकेपुरता असतो आणि माणूस बाकावर बसल्या बसल्या बदलतो, हे त्या सिस्टरला ठाऊक होतं. सगळ्याच ठिकाणी अशी फेरी होत नाही. म्हणून येणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की थांबायला सांगितलं तर थांबा, पण घाम फुटला, दम लागला, गुंगी आली, दुखणं वाढलं तर नंबराची वाट बघू नका. उठा आणि टेबलाशी जाऊन एवढंच म्हणा, "मघापेक्षा बिघडलंय, पुन्हा बघा." ते सांगणं म्हणजे मधे घुसणं नव्हे.

पडद्याआड काय चालतं, ते बाहेरच्यांना दिसत नाही. एकाचं हृदय थांबलं की चार-पाच जण एकाच खाटेभोवती अडकतात. एक जण छाती दाबतो, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दर दोन मिनिटांनी हात बदलतात कारण त्याहून जास्त वेळ कुणाच्याच अंगात तेवढा जोर राहत नाही. एक जण श्वास देतो, एक औषधं भरतो, एक वेळ मोजून मोठ्यानं सांगतो. हे अर्धा तास, कधी जास्तही चालतं. तेवढ्या वेळात बाहेरचा प्रत्येक पिवळा पट्टा तसाच बसून राहतो. त्यातून वाचला तर ठीक. नाही वाचला, तर त्याच डॉक्टरला बाहेर येऊन त्याच्या बायकोला सांगायचं असतं आणि लगेच पुढच्या पोटदुखीकडे जायचं असतं. हा डॉक्टर बहुतेक वेळा तिशीच्या आतला असतो. आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून आपल्याकडे २००९ साली मान्य झाली. त्याआधी कॅज्युअल्टीची ड्यूटी ज्याच्या वाट्याला येईल त्यानं करायची, अशीच रीत होती. त्याच २००९ साली कर्नाटकाला डॉक्टर-परिचारिकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदाही करावा लागला, याची मला फार खंत वाटते.

४ जून २०२५ ची संध्याकाळ आठवते. चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली, ११ जीव गेले. जखमींना जवळच्या बोअरिंगमध्ये आणि वैदेहीमध्ये नेलं. टीव्हीवर आम्ही स्टेडियमची दारं बघत होतो. माझ्या डोक्यात मात्र तुझं दार होतं. एकामागून एक पोरं आत येत असताना, कुणाला आधी घ्यायचं आणि कुणाला आता हात लावून उपयोग नाही, हे क्षणात ठरवणाऱ्या माणसावर काय ओझं येत असेल! इतक्या जणांचा लोंढा आला की चौथा रंग वापरावा लागतो, काळा.

आता पैशांचं. तुझ्या शेजारीच बिलाचं काउंटर असतं आणि घाबरलेल्या माणसाला ते आधी दिसतं. तिथं 'डिपॉझिट भरा' म्हणतात. जीव धोक्यात असताना उपचार त्यावाचून अडवता येत नाहीत, हे ज्याला ठाऊक नसतं तो एटीएम शोधत फिरतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सांगितलंय, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं काम आहे, पोलिसी सोपस्कार नंतर. ते प्रकरण एका स्कूटरस्वाराचं होतं. अपघातानंतर जवळच्या रुग्णालयानं त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवलं, कारण पोलिस केस तिथंच घेतात, आणि तो वाटेतच गेला. १९९६ मध्ये बंगालमधल्या एका शेतमजुराचा खटला त्याच न्यायालयापुढं होता. आगगाडीतून पडून डोक्याला मार बसलेला हा माणूस कोलकात्यातली एकापाठोपाठ एक सरकारी रुग्णालयं फिरला, खाट कुठंच मिळाली नाही. वेळेवर उपचार नाकारणं म्हणजे जगण्याचा हक्क नाकारणं, असं त्या निकालात म्हटलंय. कर्नाटकानं खासगी रुग्णालयांच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती करून आणीबाणीत आगाऊ रकमेसाठी अडवू नये हे स्पष्ट केलं. हा नियम तुझ्या भिंतीवर, दरपत्रकाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवा. धोका टळल्यावर हिशेब होतोच, विम्याचं कार्ड तेव्हा लागतंच. आमची तक्रार फक्त पहिल्या तासाबद्दल आहे.

अपघाताच्या बाबतीत तर हे शहर एका मुलाचं देणं लागतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये हरीश नंजप्पा हा तरुण गावाहून मोटारसायकलवरून बेंगळुरूकडे परतत होता. नेलमंगलाजवळ ट्रकखाली सापडला आणि त्याच्या शरीराचे दोन तुकडे झाले. त्या अवस्थेत त्यानं आपले अवयव कुणाला तरी द्या म्हणून सांगितलं. तो गेला, त्याचे डोळे दान झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारनं त्याच्या नावानं योजना काढली, रस्त्यावरच्या जखमीला पहिले ४८ तास, २५ हजार रुपयांपर्यंत मोफत उपचार. २०२५ पासून केंद्राचीही योजना आहे, नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार. आणि जखमीला उचलून आणणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. हे आधी २०१६ मध्ये न्यायालयानं मान्य केलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलं. तुझ्याकडे अपघात, विषबाधा, भाजणं, मारामारी यांची 'एमएलसी', म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण अशी नोंद होते, पोलिसाला कळवलं जातं. ती नोंद कागदाची आहे, आणणाऱ्यावर आळ घेणारी नाही, हे रिक्षावाल्यांना कुणीतरी नीट समजावायला हवं. त्यांच्या मनातली भीती अजून गेलेली नाही.

आता थोडं घरच्यांशी. छातीत दुखतंय म्हटलं की आमच्याकडे आधी 'ॲसिडिटी' होते, मग सोडा, मग ओवा, मग थोडं पडून बघू. २९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार गेले, ४६ व्या वर्षी, तेही सकाळच्या व्यायामानंतर. त्यानंतर जयदेवमध्ये तपासून घ्यायला तरुण माणसांची रीघ लागली. पुढं राज्य सरकारनं त्यांच्याच नावानं हृदय ज्योती योजना आणली. तालुक्याच्या रुग्णालयातून ईसीजी मोठ्या केंद्राकडे जातो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथं मिळतं. एवढा खटाटोप कशासाठी, तर मिनिटं वाचवण्यासाठी. लकव्याचंही तसंच. तोंड एकीकडे ओढलं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर गुठळीवरचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे तास तुझ्या दारात पोचल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात, "शेवटचं नीट कधी बोलले?" याचं उत्तर अंदाजानं देऊ नये. चहा दिला तेव्हा बोलले होते की नाही, ते आठवून सांगावं. आणि निघण्याआधी प्रेमानं पाणी पाजू नये, घासभर खायला घालू नये. शुद्ध हरपलेल्याच्या ते फुप्फुसात जातं, आणि ऑपरेशन लागलं तर रिकामं पोट हवं असतं.

घरून आणायचं ते थोडं. चालू गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा, जुना ईसीजी, डिस्चार्ज कार्ड, आधार. रक्त पातळ करणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर ते विचारायच्या आधी सांगावं. गाडी नसली तर १०८, ती रुग्णवाहिका पैसे घेत नाही.

आणि दुभाषाचं काम करणाऱ्या सुनांनो, मुलांनो, सासूबाई जे म्हणतील तेच सांगा. त्या "जीव घाबरा होतोय" म्हणतात आणि आपण इंग्रजीत 'टेन्शन आलंय' सांगून मोकळे होतो. घाम, मळमळ, डावा खांदा, जबडा, सगळं जसं आहे तसं सांगा. कन्नडमधले 'एदे नोवु' म्हणजे छातीत दुखणं, 'सक्करे कायिले' म्हणजे मधुमेह, एवढे दोन शब्द जरी आले तरी सिस्टरचा वेळ वाचतो.

कॅज्युअल्टी, आता तुझ्याकडे मागणं. खाटा वाढव, माणसं वाढव असं म्हणत नाही, ते तुझ्या हातात नाही, ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे वेगळं मागू. तुझ्या हातातलं मागते. बाकांसमोरच्या भिंतीवर तीन रंगांचा अर्थ कन्नड, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगूत लिही, आणि जमलं तर मराठीतही. दर अर्ध्या तासानं कुणीतरी बाहेर येऊन सांगू दे, की आत किती लाल आहेत आणि अंदाजे किती वेळ लागेल. त्याला डॉक्टर लागत नाही, शांतपणे बोलणारा एक माणूस पुरे. त्याच माणसाबरोबर एका सिस्टरची फेरी होऊ दे, बसलेल्या प्रत्येकाची नाडी पुन्हा बघायला. मृत्यूची बातमी बाकांच्या मधोमध उभं राहून देऊ नकोस, एक खोली ठेव, तिथं दोन खुर्च्या आणि पाणी असू दे. डिपॉझिटचं काउंटर लाल पट्ट्याच्या वाटेतून बाजूला कर.

आमच्याकडून एवढं कबूल. एका पेशंटमागं एकच जण आत येईल. व्हिडिओ काढणार नाही. सांगितलेल्या रंगावर हुज्जत घालणार नाही, फक्त बिघडलं तर सांगू. आणि ज्या रात्री आपल्या माणसाला हिरवा पट्टा मिळेल, त्या रात्री कितीही उशीर झाला तरी तक्रार करणार नाही.

तुझी,
बेंगळुरूतली एक अटेंडर